नवा सालदार: विंडोज १० नंतर जुन्या संगणकाचं काय करायचं

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार (सालभरासाठी ठेवलेला शेतगडी) बदलला की पहिले पंधरा दिवस मालकाचे हाल असतात. शेत तेच, विहीर तीच, बैलजोडी तीच. पण विळा जिथे खोचलेला असायचा तिथे नसतो. ठिबकचा तिसरा व्हॉल्व्ह जरा दाबून फिरवावा लागतो हे जुन्याला ठाऊक होतं. नवा नुसता फिरवतो आणि कपाशीच्या चार ओळी कोरड्या राहतात. मालक वैतागून म्हणतो, "पहिला बरा होता." पहिला आला तेव्हाही आपण हेच म्हणालो होतो, हे त्याला आठवत नाही.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा सालदार. तुम्ही अर्ज टाइप करता आणि छापायची कळ दाबता, तेव्हा टाइप करायचा प्रोग्राम स्वतः प्रिंटरशी बोलत नाही. तो सालदाराला सांगतो, आणि कुठलं यंत्र कसं चालू करायचं ते सालदार बघतो. एका यंत्राची खोड सांगणारी जी चिठ्ठी त्याच्याजवळ असते, तिला ड्रायव्हर म्हणतात. एकाच वेळी ब्राउझर, हिशोबाचा प्रोग्राम आणि गाणी चालू असतील तर प्रोसेसरची पाळी कुणाला किती द्यायची हेही तोच ठरवतो. आपण ज्याला 'कॉम्प्युटर स्लो झाला' म्हणतो, ते पुष्कळदा पाण्याच्या पाळीचं भांडण असतं. विहिरीत पाणी तेवढंच आणि मागणारे जास्त.

आणि पीक? ते तुमच्या फाईली. पीक सालदाराचं नसतं. एवढं एक डोक्यात बसलं की निम्मी भीती जाते.

हे सगळं मला मामांमुळे मांडावं लागलं. मामांचं अमळनेरला टायपिंगचं दुकान आहे: अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वाटणीपत्रं, शेजारी झेरॉक्स. अमळनेर म्हटलं की मला नेहमी गंमत वाटते. याच गावात १९४५ साली वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरू झालेली कंपनी पुढे विप्रो म्हणून सॉफ्टवेअरमध्ये जगभर गेली. तेलातून संगणकात जाणं त्या कंपनीला जमलं, पण मामांना विंडोज ७ वरून १० वर यायला दोन वर्षं लागली. आता तर १० चंही साल संपलं.

साल संपलं म्हणजे काय झालं?

विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला, आणि त्याचा नेहमीचा आधार संपला १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्या दिवशी एकही संगणक बंद पडला नाही, म्हणून अनेकांना वाटलं की ही नुसती नवीन माल खपवायची युक्ती. तसं नाही. सालदार खोपीत राहतोय, सांगितलेलं काम करतोय, पण रात्रीची राखण सोडली आहे. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोजमधल्या सापडलेल्या भोकांवर ठिगळं पाठवते. ती ठिगळं आता येत नाहीत. वर गंमत अशी की विंडोज ११ साठी ठिगळ निघालं की भोक कुठे होतं ते चोरांनाही कळतं, आणि तेच भोक १० मध्ये उघडंच असू शकतं.

घाईत नसलेल्यांसाठी एक मधली वाट आहे. वाढीव सुरक्षा अद्यतनं नावाची योजना घरगुती संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठिगळं देते. विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती असली पाहिजे आणि मायक्रोसॉफ्ट खातं जोडलेलं पाहिजे. सेटिंग्ज त्या खात्यावर साठवायला परवानगी दिली तर पैसे पडत नाहीत. नाहीतर ३० डॉलर किंवा त्यांचेच १,००० रिवॉर्ड पॉइंट. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर ही नोंदणी होते. माझ्या मते ज्याला काहीच ठरवता येत नाही त्याने आज एवढं तरी करावं. पण ही मुदतवाढ आहे, नवं साल नाही.

मग सरळ विंडोज ११ का नाही? मामांच्या यंत्रावर ते नियमाने चालतच नाही. ११ ला टीपीएम २.० नावाची चिप लागते. संगणकाच्या किल्ल्या ठेवायची ही छोटी तिजोरी. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो, म्हणजे २०१७ नंतरचा. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा ही किमान अट आहे, ती तर कुणीही पूर्ण करतं. मामांचा आय-थ्री चौथ्या पिढीचा. नव्या सालदाराने बांधावर उभं राहून सांगितलं, की तारेचं कुंपण नसेल तर मी या शेतात पाय ठेवणार नाही. अटी चुकवून ११ बसवायच्या युक्त्या इंटरनेटवर ढिगाने आहेत. घरी खेळायला करा. ज्या यंत्रावर लोकांची आधारची प्रत आणि सातबारा येतो, त्यावर करू नका.

ज्यांच्या यंत्रावर ११ बसतं, त्यांच्यासाठी

हा भाग थोडक्यात आटोपतो, कारण यात शिकायचं कमी आणि चिडायचं जास्त आहे. मामांच्या मुलीने कॉलेजसाठी नवा लॅपटॉप घेतला, त्यात ११ आलं. स्टार्टचं बटण डाव्या कोपऱ्यातून मध्ये सरकलंय. टास्कबारवर उजवी कळ दाबून टास्कबार सेटिंग्जमध्ये गेलात की त्याला पुन्हा डावीकडे नेता येतं. पहिल्याच दिवशी न्या, त्यात काही कमीपणा नाही. फाईलवर उजवी कळ दाबली की जी यादी येते ती आखूड झालीय. जुनी लांब यादी हवी तर शिफ्ट धरून उजवी कळ दाबायची. बाकी सवयीने जमतं.

दोन गोष्टी मात्र सवयीवर सोडू नका. नवीन लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केला की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या कोठारात, जाऊ शकतात. डोळ्यांना ते डेस्कटॉपवरच दिसतात, पण राहायला दुसरीकडे गेलेले असतात. फुकटची जागा ५ जीबी. लग्नाचे फोटो डेस्कटॉपवर टाकले की ती भरते आणि 'जागा संपली' असं येतं. माणूस मात्र लॅपटॉपची डिस्क रिकामी बघून चक्रावतो. वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये बॅकअपच्या यादीतून नको ते फोल्डर काढा.

दुसरं, नव्या आवृत्त्यांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते. चोरीला गेली तरी माहिती वाचता येत नाही, हे चांगलंच. पण मदरबोर्ड बदलला किंवा बायॉसमध्ये (संगणक सुरू करून देणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) काही हललं की यंत्र ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि ते खातं दुकानदाराने त्याच्या मोबाईलवर उघडून दिलेलं असलं तर पुढचं काय ते समजा. लॅपटॉप घरी आला की सगळ्यात आधी ती की कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा.

मामांसाठी आम्ही काय केलं

लिनक्स. हा विंडोजऐवजी ठेवायचा दुसरा सालदार. फिनलंडमध्ये शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याचा गाभा लिहिला. त्या गाभ्याभोवती वेगवेगळ्या मंडळींनी वेगवेगळी घरं बांधली. उबुंटू हे एक घर, मिंट हे दुसरं. नवख्याला मी मिंट देतो, कारण त्याचा मेनू डाव्या कोपऱ्यात खाली असतो आणि एकूण तोंडवळा विंडोज ७ चा. २ जीबी रॅमवरही ते उभं राहतं, ४ जीबीवर चालतं. फुकट आहे, आणि कोणतंही खातं मागत नाही.

जुन्या यंत्राला नवा जीव द्यायचा असेल तर आधी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे काहीही न फिरणारी वेगवान डिस्क, टाका. सालदार कोणताही आणा, बैल म्हातारा असेल तर औत पळत नाही.

मिंट बसवायच्या आधी ते चाखून बघता येतं, आणि हे पुष्कळांना माहीतच नसतं. त्याची फाईल उतरवायची, रूफस किंवा व्हेंटॉयसारख्या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर चढवायची, संगणक सुरू होताना एफ१२ किंवा एफ९ किंवा एस्केप (कंपनीप्रमाणे कळ बदलते) दाबून पेनड्राइव्हवरून सुरू करायचं. डिस्कला हात न लावता अख्खं मिंट समोर येतं. थोडं सुस्त चालतं, पण वायफाय सापडतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखला जातो का, हे अर्ध्या तासात कळतं. सालदाराला उचल देण्याआधी दोन दिवस रोजाने लावून बघावा तसं. मामांच्या दुकानात प्रिंटर लगेच चालला. स्कॅनरने मात्र दिवसभर छळलं, आणि शेवटी त्याचा ड्रायव्हर वेगळा उतरवून घ्यावा लागला. कंपनीचं नाव घेत नाही. मोठ्या कंपन्यांचे अलीकडचे प्रिंटर बहुतेक विनाकटकट चालतात, पण 'बहुतेक' या शब्दावर दुकान चालत नाही. म्हणून आधी चाखायचं.

पहिल्याच दिवशी मामांनी कपाळाला हात लावला. "मन्ह्या फाइली कोठे गयात रे भो?" फाईली होत्या. पण मामा शोधत होते डी ड्राइव्ह, आणि लिनक्समध्ये सी नाही, डी नाही. सगळं एकाच झाडावर असतं. मुळाशी एक तिरकी रेघ, तिच्यावर होम नावाची फांदी, तिच्यावर तुमच्या नावाचं घर. पेनड्राइव्ह लावला की त्याची वेगळी आळी होत नाही. त्याच झाडाला एक तात्पुरती फांदी फुटते. रोजच्या कामात हे झाड बघायची गरज नाही, कारण फाईल मॅनेजरमध्ये डाव्या बाजूला डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पेनड्राइव्हची नावं असतात. आम्ही 'डी मधलं' नावाचं फोल्डर करून सगळं त्यात टाकलं. मामा शांत झाले. याला कुणी हसू नये. सवयीच्या नावाचा बोर्ड लावला की माणूस नव्या घरात लवकर रुळतो.

एक बारीक खोच आहे. फाईलचं नाव इंग्रजीत असेल तर लिनक्स मोठं अक्षर आणि लहान अक्षर वेगळं धरतं. एकाच नावाच्या दोन फाईली, एकीचं पहिलं अक्षर मोठं, दुसरीचं लहान, शेजारी शेजारी सुखाने राहतात. देवनागरी नावांना ही भानगड नाही. फाईलींना मराठीत नावं द्यायला हे एक कारण पुरे आहे.

नवीन प्रोग्राम घ्यायची रीतही बदलते. विंडोजवर आपण काय करायचो? गुगलवर शोधायचं, पहिल्या साइटवरून डॉट ईएक्सई, म्हणजे विंडोजच्या प्रोग्रामची फाईल, उतरवायचं, दोनदा क्लिक करायचं. हे म्हणजे एसटी स्टँडवर भेटलेल्या माणसाकडून कपाशीचं बियाणं घेणं. कधी उगवतं, कधी बोगस निघतं. मिंटमध्ये सॉफ्टवेअर मॅनेजर आहे. त्यातल्या पिशव्यांवर खूण असते आणि बसवण्याआधी संगणक ती खूण तपासतो. तिथे हजारो प्रोग्राम आहेत. लिहायला आणि हिशोबाला लिब्रेऑफिस, इंटरनेटला फायरफॉक्स हे आधीच बसवलेलं येतं. डॉट ईएक्सई मात्र इथे चालत नाही. वाइन नावाचा एक थर काही विंडोज प्रोग्राम चालवतो, पण धंद्याचं काम मी त्याच्या भरवशावर टाकणार नाही.

म्हणून मशीन पुसण्याआधी एक प्रश्न विचारा: माझं काम कशावर अडलंय? टॅलीवर रोजचा हिशोब असेल, तर ते विंडोजसाठी बनलेलं आहे. त्या यंत्रावर विंडोजच ठेवा आणि ११ चं नवं मशीन घ्या. सरकारी सेवांसाठी लागणारी अंगठ्याची मशीनं बहुतेक विंडोज किंवा अँड्रॉइड धरूनच बनलेली असतात. डिजिटल सहीच्या टोकनचंही तपासून घ्या. मामांचं काम प्रोग्रामवर अडलेलं नव्हतं, ब्राउझर आणि टायपिंग एवढंच. म्हणून मी बेफिकीर होतो, आणि तिथेच चुकलो.

खरी गोष्ट अक्षरांची

तिसऱ्या दिवशी मामांनी २००९ सालचं एक वाटणीपत्र उघडलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा, कंसांचा, स्वल्पविरामांचा सडा. मामांना वाटलं व्हायरस. मला वाटलं फाईल खराब. दोन्ही चूक. फाईल जशी होती तशीच होती, आणि तिच्यात मराठी कधीच नव्हतं.

हे नीट समजून घ्या, कारण खानदेशात काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात काय, टायपिंगच्या दुकानात हा सुरुंग पुरलेला आहे. संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. जुन्या काळी त्या क्रमांकांच्या यादीत मराठीला जागा नव्हती. मग फाँट बनवणाऱ्यांनी युक्ती केली. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी आकार काढून ठेवला. कृतिदेव घ्या. त्यात 'मराठी' लिहायला इंग्रजी कळा दाबाव्या लागतात त्या अशा: ई, जे, के, मोठा बी, एच. फाईलमध्ये साठतात ती ही पाच इंग्रजी अक्षरंच. फाँट त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवतो. बोहाड्याच्या सोंगासारखं: मुखवटा घातलेला आहे तोवर रावण, काढला की शेजारचा माणूस.

नव्या संगणकावर तो फाँट नसला की मुखवटा उतरतो. हे लिनक्समुळे होतं असं नाही. नव्या विंडोज ११ वर तो फाँट न टाकता तीच फाईल उघडली तरी हेच होईल. विंडोज ७ वरून १० वर येताना झालं नाही, कारण बसवणाऱ्याने कुठल्याशा सीडीतून सगळे फाँट आधीच टाकून दिले होते आणि मामांना ते कळलंही नव्हतं.

युनिकोड, म्हणजे जगातल्या लिप्यांसाठी अक्षरांच्या क्रमांकांची एकच यादी, हिने ही सोंगं बंद केली. त्यात देवनागरीला स्वतःच्या १२८ जागांचा वाडा मिळाला. म म्हणून साठलेला म जगातल्या कोणत्याही यंत्रावर म च राहतो, फाँट बदलला तरी. मोबाईलवर आपण जे मराठी लिहितो ते सगळं युनिकोड. म्हणूनच जुन्या फाईलीतलं मराठी व्हॉट्सअपवर चिकटवलं की कचरा दिसतो.

इलाज दोन. तातडीचा इलाज म्हणजे जुन्या मशीनवरून तो फाँट पेनड्राइव्हवर घ्या, मिंटमध्ये त्यावर दोनदा क्लिक करून इन्स्टॉल म्हणा. विंडोजचे फाँट इथे चालतात. विकतचा फाँट असेल तर परवाना आपल्या नावावर आहे ना ते बघा. वाटणीपत्र लगेच वाचता आलं. पण हा मुखवटा पुन्हा चढवणं झालं. पक्का इलाज म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये फिरवून घेणं. त्यासाठी रूपांतर करणारी साधनं मिळतात. तुमच्या फाँटचं नाव त्यात असलं पाहिजे, कारण प्रत्येक फाँटची सोंगं वेगळी. आणि फिरवल्यावर डोळ्यांत तेल घालून वाचायचं. रफार सरकतो. 'श्र', 'त्त', 'द्ध' यांत गोंधळ होतो. ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते, आणि त्याला कारण आहे: जुन्या फाँटमध्ये 'कि' लिहिताना वेलांटी आधी, क नंतर साठतो, कारण डोळ्यांना ती आधी दिसते. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी, कारण तोंडात तसं येतं. रूपांतर करणाऱ्याला दर वेळी ही उलटापालट करावी लागते आणि जोडाक्षर आलं की त्याची पावलं चुकतात. वाटणीपत्रात 'पूर्वेस' चा रफार चुकला तर एक वेळ चालेल, गट नंबर चुकला तर दोन भावांची डोकी फुटतील. आकडे तीनदा तपासा.

लिब्रेऑफिसमध्ये याच गोष्टीची एक छोटी शेपटी सापडते. अक्षर बदलायच्या खिडकीत फाँटचे दोन कप्पे दिसतात, एक पाश्चात्त्य लिपीचा, एक आपल्यासारख्या लिप्यांचा. युनिकोड मराठीचा आकार दुसऱ्या कप्प्यातून बदलतो. जुन्या सोंगाच्या फाँटला मात्र लिब्रेऑफिस इंग्रजीच समजतं आणि पहिल्या कप्प्यात टाकतं. 'मी साइज वाढवली तरी अक्षर वाढत नाही' अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, कोणता कप्पा?

आता बोटं

मामांनी मराठी टायपिंगची ३० ची परीक्षा खऱ्या टाइपरायटरवर दिलेली आहे. त्यांची बोटं रेमिंग्टनच्या मांडणीवर पळतात, डोकं मागून येतं. युनिकोड म्हटलं की लोक लगेच सांगतात, इन्स्क्रिप्ट ही कळांची मांडणी शिका. इन्स्क्रिप्ट चांगलंच आहे. भारतीय मानकात ते १९९१ पासून आहे, स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला, आणि एकदा आलं की हिंदी, गुजराती त्याच कळांवर. शाळकरी पोराला मी तेच शिकवीन. पण साठीच्या माणसाला, ज्याचं पोट तासाला किती पानं होतात यावर आहे, 'आजपासून बोटं विसरा' म्हणणं हा सल्ला नाही, शिक्षा आहे.

सुदैवाने विसरावं लागत नाही. कळांची मांडणी आणि अक्षराची साठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोटं रेमिंग्टनची ठेवून साठवण युनिकोडची करता येते. मिंटमध्ये इनपुट मेथडच्या पानावरून आयबस हा कळांची मांडणी बदलून देणारा प्रोग्राम बसवायचा, त्यासोबत एम१७एन नावाचा मांडण्यांचा संच घ्यायचा. त्यात इन्स्क्रिप्ट, फोनेटिक आणि रेमिंग्टन घराण्यातल्या मांडण्या सापडतात. मराठी आणि इंग्रजी यांत उडी मारायला विंडोजची कळ आणि स्पेस बार. विंडोजवरही हीच जोडी चालते. एक-दोन कळा मामांच्या सवयीपेक्षा वेगळ्या निघाल्या, 'ळ' पहिल्या आठवड्यात सापडतच नव्हता. कीबोर्डवर चिकटपट्टी लावून पेनने लिहिला. रुळायला तीन आठवडे लागले. पहिल्या आठवड्यात गिऱ्हाईक परत गेलं, हेही सांगितलं पाहिजे. बदल करायचा तर लग्नसराईत किंवा दाखल्यांच्या जून महिन्यात करू नका.

बाकी बोटांना फारसं काही विसरावं लागत नाही. कंट्रोल सी, कंट्रोल व्ही, कंट्रोल झेड, एफ२ ने नाव बदलणं, ऑल्ट टॅब, सगळं तसंच. एकच चकवा आहे: लिनक्समध्ये मजकूर नुसता निवडला आणि माऊसचं मधलं चाक दाबलं, तरी तो चिकटतो. मामांच्या एका प्रतिज्ञापत्रात 'सत्यप्रतिज्ञेवर' हा शब्द चार ठिकाणी उगवला, तो याच चाकामुळे.

फायदा कुठे झाला म्हणाल तर पेनड्राइव्हवर. टायपिंगच्या दुकानात दिवसाला वीस जणांचे पेनड्राइव्ह येतात, आणि त्यातल्या निम्म्यांत शॉर्टकटचा व्हायरस. तो काय करतो, खरे फोल्डर लपवतो आणि त्यांच्या नावाचे बनावट शॉर्टकट ठेवतो. क्लिक केलं की तो तुमच्या यंत्रात शिरतो. मिंटवर ते शॉर्टकट नुसते पडून राहतात आणि लपवलेले फोल्डर समोर दिसतात. मामांचं दुकान आता पोरांमध्ये 'डिलीट झालेलं परत आणून देतात' म्हणून प्रसिद्ध झालंय. मामा काही डिलीट झालेलं परत आणत नाहीत, पण तसं ते सांगतही नाहीत. फसवा फोन आणि ओटीपी यांच्यापासून मात्र कुठलाच सालदार वाचवत नाही.

अद्यतनं आली की घड्याळाजवळची ढाल खूण करते. आपल्याला वेळ असेल तेव्हा बसवायची, यंत्र मधेच स्वतःहून बंद-चालू होत नाही. त्याआधी टाइमशिफ्ट चालू करून ठेवा. ते सिस्टीमचं जसंच्या तसं चित्र घेऊन ठेवतं आणि काही बिघडलं तर तिथे परत नेतं. नावावरून फसू नका: ते सालदाराची खोप पुन्हा उभी करतं, पीक नाही. तुमच्या फाईली त्यात धरलेल्या नसतात, त्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावीच लागते.

आम्ही सुरुवातीला दोन्ही सालदार एकाच शेतात ठेवले होते, विंडोज आणि मिंट शेजारी. तुम्हीही ठेवलेत तर एक भूत भेटू शकतं. सकाळी दहाला विंडोज उघडावं आणि घड्याळात साडेचार वाजलेले असावेत. मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ असतं. विंडोज त्यात आपली भारतीय वेळ लिहितं, लिनक्स जागतिक वेळ. जागतिक वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. एकाने लिहिलेलं दुसरा आपल्या पद्धतीने वाचतो. लिनक्सला एका आज्ञेने सांगता येतं की तूही इथलीच वेळ लिही. ते करेपर्यंत मामा दुकानात आलेल्याला सांगत होते, या संगणकाला झोप येते.

चौथ्या महिन्यात विंडोज उघडायचं कारणच उरलं नाही. जुनी हार्ड डिस्क कापडात गुंडाळून, वर तारीख लिहून कपाटात ठेवली आहे. तिच्यात २००९ ते २०१५ मधल्या साडेतीनशेच्या आसपास फाईली अजून मुखवट्यातच आहेत. मी म्हटलं, एकदम सगळ्या फिरवून टाकू. मामा म्हणाले, "काम व्हस ना, मंग ऱ्हाऊ दे." तेव्हापासून ज्याचं वाटणीपत्र तो मागायला येईल, त्याच्यासमोर ते फिरवायचं, त्यालाच गट नंबर मोठ्याने वाचायला लावायचं, आणि मग छापायचं. आतापर्यंत एकोणीस झालीत.